‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द, सिंफनीची सभा आणि ऐकण्याचे व्याकरण

परभाषेतून शब्द उचलणे सोपे असते. त्या शब्दामागे उभी असलेली व्यवस्था उचलणे फार अवघड असते. भाषासंपर्काच्या अभ्यासात हा अनुभव वारंवार येतो. नामे झपाट्याने सीमा ओलांडतात, क्रियापदे त्यांच्यामागून सावकाश येतात आणि व्याकरण बहुधा वेशीबाहेरच राहते. हाच न्याय संगीतालाही लागू पडतो काय, असा प्रश्न विचारण्यास मराठीतील ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उत्तम निमित्त आहे. प्रस्तुत लेखात त्या शब्दाच्या अर्थाचा मागोवा घेऊन, तो शब्द मुळात ज्या प्रकारच्या सभेचा निर्देश करतो ती सभा मराठी श्रोत्याने कशी ऐकावी, याचा विचार योहानेस ब्राम्स याच्या पहिल्या सिंफनीच्या आधारे केला आहे.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव घेऊ. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे त्याचे नाव परिसरात सर्वांना ठाऊक आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात औंढ्याचे ज्योतिर्लिंग आहे आणि नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानलेले नर्सीही आहे. या पट्ट्यात ‘यंदा ऑर्केस्ट्रा ठेवला आहे’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्यास अर्थाविषयी तिळमात्र शंका येत नाही. गणेशोत्सवात किंवा यात्रेत उभारलेला मंच, चित्रपटगीते म्हणणारे दोनतीन गायक, सिंथेसायझर, ढोलकी व ड्रम, निवेदक आणि मध्येमध्ये नकला, हा तो ‘ऑर्केस्ट्रा’ होय. मुंबईत ‘ऑर्केस्ट्रा बार’ या जोडशब्दात तो आणखी निराळ्या वस्तीत गेलेला आढळतो. शंभर वादक, एक संचालक आणि पाऊण तास चालणारी शब्दहीन रचना ही कल्पना या शब्दाच्या मराठी अर्थात कोठेही नाही.

हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणण्याची घाई करू नये. मूळ ग्रीक भाषेत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे वादकच नव्हेत. नाचणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला, आणि नाट्यगृहात गायकवृंद ज्या वर्तुळाकार जागेत नाचत असे त्या जागेचे ते नाव होते. रोमन काळी तीच जागा प्रतिष्ठितांच्या आसनांकडे गेली. पुढे युरोपात संगीतनाटक रूढ झाल्यावर रंगमंचासमोर वादक बसू लागले. जागेचे नाव त्यांना चिकटले आणि अखेर जागा सुटून केवळ वादकसमूह हाच अर्थ उरला. ‘सिंफनी’ची कथाही तशीच आहे. एकत्र नादणे एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. इटलीत संगीतनाटकापूर्वी वाजणाऱ्या लहानशा प्रस्तावनेस ‘सिन्फोनिया’ म्हणत. अठराव्या शतकात ती प्रस्तावना नाटकापासून सुटली, स्वतंत्र झाली आणि हायडन, मोझार्ट व बीथोव्हेन यांच्या हाती युरोपीय वाद्यसंगीताचा सर्वांत भारदस्त प्रकार बनली. नर्तनभूमीपासून वादकसमूहापर्यंत जो शब्द आला, तो वादकसमूहापासून गाण्यांच्या रात्रीपर्यंत गेला, तर त्यात भाषाशास्त्राच्या दृष्टीने नवल काही नाही.

नवल आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. महाराष्ट्राने युरोपीय संगीतातील वस्तू थोड्याथोडक्या घेतलेल्या नाहीत. हार्मोनियम आली आणि ‘पेटी’ होऊन भजनी मंडळात, कीर्तनात व बैठकीत अशी मिसळली की ती परकी आहे हे सांगावे लागते. संगीत नाटकाने ऑर्गन आपलासा केला. व्हायोलिन व क्लॅरिनेट साथीला बसली. लग्नाच्या वरातीत तर पितळी वाद्यांचा बँड सनई-चौघड्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याऐवजी वाजू लागला. परंतु या सर्व वाद्यांनी येथे काम केले ते एकेरी स्वरावलीचे. हार्मोनियमचे नावच मुळी ‘हार्मनी’वरून, म्हणजे अनेक स्वरांच्या एककालिक संबंधावरून पडलेले, आणि तिच्यावर मराठी बोटांनी वाजविले ते गायकामागून एकामागून एक जाणारे स्वर. वाद्ये आली, वाद्यांची नावे आली. वाद्यांमागील व्याकरण मात्र आले नाही.

याच पश्चिम किनाऱ्यावर एका ठिकाणी ते व्याकरणही आले, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण सुरू झाले. पुढे गावोगावच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलेखन, समूहगान आणि व्हायोलिन यांचे पाठ बालपणीच मिळू लागले. त्याचा परिणाम लोकगीतापर्यंत पोचला. कोंकणी मांडो दोन समांतर स्वरावलींनी गाइला जातो तो त्यामुळेच. भाषेचे व्याकरण जसे लहान वयात, सहवासाने आणि रोजच्या वापराने अंगी मुरते, तसेच हे घडले. मराठवाड्यात संपर्क झाला तो वस्तूंच्या व शब्दांच्या पातळीवर. गोव्यात तो शिक्षणाच्या पातळीवर झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ज्या गोमंतकीय वादकांनी व वाद्यसंयोजकांनी वृंदवादनाची बाजू सांभाळली, ते या शाळांचे फलित होते. त्यांपैकी माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून रागसंगीत व वृंदवादन एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या सभेत लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायन झाले.

मुंबईतील सिंफनी-वादनाचा इतिहासही या संदर्भात लक्षणीय आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ची स्थापना केली. पारशी व गोमंतकीय वादकांचा त्यात मोठा वाटा होता. त्याच सुमारास, १९३४ साली, वॉल्टर कॉफमन हा मध्य युरोपातील यहुदी संगीतकार मुंबईस आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर काम करू लागला. आकाशवाणीच्या सभांचा आरंभ ज्या परिचयधुनीने होत आला, तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः त्यास दिले जाते. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची ती लहानशी स्वरावली मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दररोज पहाटे ऐकू येई. तात्पर्य, सिंफनीच्या जगाचा एक तुकडा शिरड शहापूरच्या कानावरही पडलेलाच होता. तो कोणत्या जगातून आला हे मात्र त्या कानाला कोणी सांगितले नव्हते.

मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत झाला. ध्वनिमुद्रिका आणि वडिलांच्या वादकांच्या तालमी यांवर त्यांचा कान घडला. १९५४ साली ते शिक्षणासाठी व्हिएन्नास गेले. तेथील प्रसिद्ध वाद्यवृंद कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी वाजवीत असता ऐकणे, हा आपल्या जडणघडणीतील निर्णायक अनुभव असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ज्याचे बालपणच सिंफनीच्या सहवासात गेले, त्यालाही या रचनेचे पूर्ण स्वरूप तिच्या सभेत बसल्यावरच प्रतीत झाले. मग ज्याच्या भाषेत त्या सभेचे नावच दुसऱ्या वस्तूस दिले गेले आहे, त्याने तिच्यापर्यंत पोचावे कसे? आज मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचा, म्हणजेच १९६९ साली स्थापन झालेल्या ‘एन. सी. पी. ए.’चा, ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा वाद्यवृंद आहे. खुश्रू सन्तूक व कझाख व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो २००६ साली उभारला. हिंगोलीपासून ते सभागृह पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु ध्वनिमुद्रणांच्या या काळात ते अंतर दुर्लंघ्य नाही. दुर्लंघ्य आहे ते परिभाषेचे अंतर. कारण अशा सभांसोबत श्रोत्याच्या हाती येणारे विवेचन इंग्रजीत असते आणि ते विवेचन पाश्चात्त्य संगीताची प्राथमिक ओळख गृहीत धरूनच लिहिलेले असते.

म्हणून ब्राम्सची ही रचना मराठी श्रोत्याला आधीच परिचित असलेल्या कल्पनांच्या साहाय्याने समजावून घेता येते काय, हे पाहू.

प्रथम सभेचे बाह्य रूप. ब्राम्सने या रचनेसाठी दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून व एक मंद्र बसून. चार हॉर्न, दोन ट्रंपेट व तीन ट्रॉम्बोन. आणि टिंपनी नावाचे नगारे वाजविणारा एक वादक, असे १९ वादक नेमून दिले आहेत. त्यांच्या जोडीला व्हायोलिनांचे दोन गट, व्हिओला, चेलो व डबल बास ही गजाने वाजणारी तंतुवाद्ये असतात. त्यांची संख्या सभागृहाप्रमाणे कमीअधिक, सामान्यतः चाळीस ते साठ. ओबोवादक एक स्वर देतो, त्याच्याशी सारे आपापली वाद्ये मिळवून घेतात, आणि मग संचालक येतो. संचालक स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. तालाचा हिशेब, कोणत्या गटाने किती उठावाने वाजवावे याचा तोल आणि कोणता स्वर किती थांबावा याचा निर्णय त्याच्या हाती असतो. दिंडीत वीणेकरी पुढे असतो आणि टाळकरी त्याच्या अनुरोधाने चालतात, हे साम्य वरवरचे आहे. कारण दिंडीत सारे एकच चाल गातात, आणि येथे एकाच क्षणी दहापंधरा निरनिराळ्या ओळी वाजत असतात.

या एककालिकतेस मराठीत ‘स्वरसंवाद’ म्हणणे सोयीचे आहे. दोन किंवा अधिक स्वर एकाच वेळी उमटले असता त्यांच्यात कधी विसावा, तर कधी ताण निर्माण होतो. आणि ताणाकडून विसाव्याकडे जाण्याची जी ओढ, तिच्यावर सारी रचना चालते. वाक्यात कर्त्याचा उच्चार झाला की क्रियापदाची अपेक्षा उत्पन्न होते. मराठीत ते शेवटी येते म्हणून ऐकणारा तोवर अर्थ तोलून धरतो. न्यायशास्त्राने व व्याकरणाने हिलाच ‘आकांक्षा’ म्हटले आहे. स्वरसंवादात अर्थ नसतो, पण आकांक्षा असते. ख्यालाच्या श्रोत्यास ती समेच्या रूपाने पूर्ण परिचित आहे. सिंफनीत समेचे काम मुख्यतः मूळ षड्जाकडे होणारे पुनरागमन करते.

येथेच दोन पद्धतींतील सर्वांत मोठा भेद येतो. हिंदुस्थानी बैठकीत तंबोरा एकदा लागला की षड्ज अचल होतो. गायक कितीही दूर गेला तरी आधार हलत नाही. सिंफनीत षड्ज प्रवास करतो. ‘सी’ या स्वरास सा मानून रचना सुरू झाली, तरी थोड्याच वेळात दुसराच स्वर सा होऊन बसतो आणि कानाला घर बदलल्याचा भास होतो. आपल्याकडील मूर्च्छनेची कल्पना याच्या जवळ जाते. पण आपल्याकडे जी कल्पना शास्त्रात व क्वचित चमत्कृतीत राहिली, ती येथे संपूर्ण स्थापत्याचा पाया झाली आहे. षड्ज हलतो हे एकदा ध्यानी आले म्हणजे सिंफनी का लांबते, का फिरून तेथेच येते आणि आल्यावर इतका आनंद का होतो, या तीनही प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात.

ब्राम्सचा जन्म १८३३ साली हाम्बुर्ग येथे झाला. १८५३ साली रोबर्ट शूमानने एका लेखाद्वारे या वीस वर्षांच्या तरुणाकडे युरोपचे लक्ष वेधले आणि त्याच्याकडून मोठ्या वृंदरचनांची अपेक्षा होऊ लागली. परंतु बीथोव्हेनच्या नऊ सिंफन्या समोर असता दहावी लिहिणे म्हणजे काय, याची जाणीव त्यास पुरेपूर होती. पहिल्या खंडाचा मसुदा १८६२ साली त्याने क्लारा शूमान हिला दाखविला. पूर्ण सिंफनी प्रथम वाजली ती ४ नोव्हेंबर १८७६ रोजी, कार्लस्रूए येथे, ओटो डेसॉफच्या संचालनाखाली. ब्राम्स तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्यानंतरही दुसऱ्या खंडात फेरफार करून मगच त्याने ती १८७७ साली प्रकाशित होऊ दिली.

१८६२ च्या मसुद्यात नसलेली एक संथ प्रस्तावना त्याने पुढे पहिल्या खंडाच्या आरंभी जोडली, आणि मराठी श्रोत्याच्या दृष्टीने तीच सर्वांत बोलकी आहे. टिंपनी, डबल बास आणि मंद्र बसून षड्जावर सुरू होतात आणि सहा मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर तोच एक स्वर आघात करीत राहतो. तंबोऱ्याला सरावलेल्या कानास प्रथम वाटते की आधारस्वर मिळाला. पण या आधारावर व्हायोलिन व चेलो अर्ध्याअर्ध्या स्वराने वर चढू लागतात, त्याच वेळी लाकडी सुषिर वाद्ये व व्हिओला खाली उतरू लागतात, आणि वरच्या दोन्ही ओळी त्या अचल षड्जाशी क्षणोक्षणी झगडतात. तंबोऱ्याचा षड्ज आसरा देतो. हा षड्ज कोंडी करतो. आठ आवर्तनांनंतर तो सुटतो तेव्हा मिळणारी मोकळीक ही केवळ स्वरांची करणी आहे. तीसाठी कोणतीही कथा ठाऊक असण्याची गरज नाही.

पुढील जलद भागाची मांडणी सिंफनीत रूढ असलेल्या साच्याप्रमाणे आहे आणि निबंधाच्या परिभाषेत ती नीट सांगता येते. प्रथम प्रतिपादन: एक विषय मूळ षड्जावर, दुसरा निराळ्या षड्जावर. मग विकसन: दोहोंचे तुकडे सुटे करून निरनिराळ्या षड्जांवर फिरविणे. मग पुनःप्रतिपादन: दुसरा विषयही आता मूळ षड्जाच्या आधिपत्याखाली आणणे. शेवटी उपसंहार. ख्यालातील बढतीशी याची गल्लत करू नये. बढत एका रागाचे अंतरंग क्रमाक्रमाने उघडते. येथे दोन पक्ष असतात, त्यांच्यात विवाद होतो आणि निर्णय द्यावा लागतो. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष ही आपल्या शास्त्रग्रंथांची पद्धती या साच्याच्या अधिक जवळची आहे. हा खंड कोमल गंधाराच्या, म्हणजे पाश्चात्त्य ‘मायनर’ पद्धतीच्या छायेत चालतो. मात्र अगदी अखेरीस टिंपनीचा तोच आघात मंद होऊन परत येतो आणि खंड शुद्ध गंधारावर शांतपणे विसावतो. शेवटच्या खंडात जे घडावयाचे आहे त्याची ही पूर्वसूचना होय.

खंडांच्या षड्जांची निवडही पाहण्याजोगी आहे. पहिल्या खंडाचा षड्ज ‘सी’. दुसऱ्या, संथ खंडासाठी मूळच्या शुद्ध गंधारास षड्ज केले आहे. त्याच्या शेवटाकडे एकच व्हायोलिन हॉर्नच्या सोबतीने वर जाते आणि एवढ्या मोठ्या समूहातून एक आवाज वेगळा काढल्याचा विलक्षण परिणाम होतो. तिसऱ्या खंडात मूळच्या कोमल धैवतास षड्ज केले आहे. तेथे क्लॅरिनेट पाच आवर्तनांची एक सुबक ओळ वाजविते आणि लगेच पुढील पाच आवर्तनांत तीच ओळ उलटी करून, म्हणजे चढाच्या जागी उतार व उताराच्या जागी चढ घालून, सांगते. चौथा खंड पुन्हा ‘सी’वर येतो. सा, ग, कोमल ध आणि वरचा सा, अशा तीन समान पायऱ्यांनी ही रचना सप्तक पुरे करते. पाऊण तासाच्या सभेत हे अंतर कोणी मोजीत बसत नाही. पण बऱ्याच लांबून परत आल्याची जी भावना शेवटी होते, तिचे कारण या पायऱ्यांत आहे.

चौथ्या खंडाचा आरंभ अंधुक व साशंक आहे. पुन्हा कोमल गंधार, तारा बोटांनी छेडून घेतलेली अस्वस्थ धाव, आणि वाढत गेलेला टिंपनीचा गडगडाट. मग एकाएकी शुद्ध गंधाराचा प्रदेश उघडतो आणि हॉर्नवर एक दूरवरून येणारी हाक ऐकू येते: गंधारावरून ऋषभाने षड्जावर, आणि तेथून खाली पंचमावर. ही ओळ आल्प्स पर्वतातील गुराख्यांच्या लांब लाकडी शिंगाची. ब्राम्सने सप्टेंबर १८६८ मध्ये क्लारा शूमानच्या वाढदिवसानिमित्त ती अभिवादनाच्या शब्दांसह तिला लिहून पाठविली होती. आठ वर्षांनी ती सिंफनीत आली तेव्हा शब्द गळून पडले होते. बीथोव्हेनने १८२४ साली नवव्या सिंफनीच्या शेवटी कवितेला आणि मानवी कंठाला पाचारण केले होते. ब्राम्सने उलट पाऊल टाकले. त्याच्याजवळ शब्द होते आणि ते त्याने बाजूस ठेवले. शब्दांवाचून अर्थाची जागा भरून काढण्याची रचनेची शक्ती त्याने पणास लावली, असे म्हणता येईल.

हाकेपाठोपाठ तीन ट्रॉम्बोन बसूनांच्या साथीने एक प्रार्थनेसारखी शांत ओळ वाजवितात. पहिले तीन खंड हे तिघे वादक वाद्ये मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेले असतात. त्यांचा नाद प्रथमच येथे ऐकू येतो. ध्वनिमुद्रिकेवर हे मौन लक्षात येत नाही. सभागृहात मात्र ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते आणि म्हणूनच त्याचा भंग परिणामकारक ठरतो. नंतर व्हायोलिनांवर या खंडाचा मुख्य विषय येतो: पंचमावरून उचल, मग सा-नि-सा-ध, आणि पुन्हा पंचम. कोणासही एकदा ऐकून गुणगुणता यावा इतका तो सरळ आहे. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील गीताशी त्याचे साम्य पहिल्या श्रोत्यांसही जाणवले आणि हान्स फॉन ब्यूलो याने या रचनेस बीथोव्हेनची ‘दहावी’ म्हटले. खंडाच्या शेवटी लय वाढते आणि ट्रॉम्बोनांची ती शांत ओळ पूर्ण वाद्यवृंदाच्या बळाने परत येते. ज्या षड्जाने आरंभी कोंडी केली होती, तोच आता विसावा देतो.

श्रोत्यांच्या शिष्टाचाराविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्या बैठकीत समेवर दाद देणे हा श्रोत्याचा हक्क आणि कर्तव्यही असते. सिंफनीच्या सभेत चारही खंड संपेपर्यंत टाळी वाजवीत नाहीत; खंडांमधील शांतता रचनेचाच भाग समजतात. यात सनातन असे काही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातही खंडाखंडानंतर टाळ्या पडत, आणि १८१३ साली बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा खंड श्रोत्यांनी पुन्हा वाजवावयास लावला होता. आजची रीत ही एक रूढी आहे, आणि रूढी शिकता येते. ती ठाऊक नसल्यामुळे कोणी अवघडून बसावे, हे मात्र इष्ट नव्हे.

आता परिभाषेचा प्रश्न. ‘सिंफनी’ला ‘स्वरमेळ’ म्हणावे असे कोणास सुचेल. परंतु ‘मेल’ हा शब्द आपल्या संगीतशास्त्रात थाट या अर्थी आधीच गुंतलेला आहे, आणि ‘मेळा’ म्हटल्यावर मराठी मनास गणेशोत्सव आठवतो. म्हणून ‘सिंफनी’ हा शब्द आहे तसाच राहू द्यावा. वादकसमूहासाठी ‘वाद्यवृंद’ हा शब्द हाताशी आहे. १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीस रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली जो समूह उभारला, त्याचे नाव ‘वाद्यवृंद’ असेच होते. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द यात्रेतील गाण्यांच्या कार्यक्रमाकडे खुशाल असू द्यावा. लोकांनी दिलेला अर्थ विद्वानांच्या ठरावाने परत घेता येत नाही. विषय, खंड, प्रतिपादन, विकसन, आकांक्षा, स्वरसंवाद हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. त्यांना केवळ या कामावर नेमावयाचे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे विवेचन मराठीत केले, तेव्हा संगीतशास्त्राचे संपूर्ण ओझे ही भाषा पेलू शकते हे सिद्ध झालेच होते. उणीव भाषेच्या सामर्थ्याची नसून वापराची आहे.

गोव्याच्या उदाहरणावरून असे दिसते की संगीताचे व्याकरण शिकविले तर येते आणि न शिकविल्यास शतकभर वाद्ये हाताळूनही येत नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांत व्हायोलिनांचे साठ वादक उभे करणे हे उद्याचे काम नव्हे. परंतु एखाद्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण लावून, षड्ज कोठे आहे, तो कोठे गेला आणि केव्हा परतला, एवढे तीन प्रश्न मराठीत विचारणे हे आज कोणत्याही वर्गात शक्य आहे. ज्याने हरिपाठात टाळ धरला आहे आणि तंबोऱ्याचा षड्ज ओळखला आहे, त्या विद्यार्थ्याचा कान या प्रश्नांस पुरेसा सिद्ध असतो. त्याला हवे असते ते त्याच्या भाषेतील विवेचन; आणि मुंबईत वाजणाऱ्या प्रत्येक सिंफनीसाठी तसे चार पानांचे मराठी टिपण तयार करणे, हे भाषेच्या व संगीताच्या विभागांनी मिळून सहज हाती घेण्याजोगे कार्य आहे.